दुसरा कप

ग्रिम्सबीच्या कोर्टात आम्ही तिघं बसतो.
एकट्याच्या हातून न्याय चुकू शकतो, म्हणून तिघं:
मी, चष्म्यांचं दुकान विकून मोकळी झालेली;
मधे मिसेस ऑल्थॉर्प, जुन्या हेडमास्तरीण;
आणि माशांच्या लिलावातून निवृत्त झालेला क्लिफर्ड,
ज्याच्या कोटाला अजून बर्फाचा वास येतो.

समोर मॉरीन टास्कर, वय त्रेपन्न,
आणि इलिंका, वय एकोणतीस.
आरोप: कुंटणखाना चालवायला मदत केली.
कुणाला? एकमेकींना.

पुरावा थोडाच होता.
बेसिनपाशी विसळून उपडे ठेवलेले दोन कप.
फ्रिजवर चिकटवलेला पाळ्यांचा कागद,
मंगळवार मॉ., बुधवार इ., शुक्रवार दोघी.
आणि तान्ह्याच्या खोलीत ठेवतात तसलं यंत्र,
इकडे रडलं की तिकडे ऐकू येतं, ते.
घरात तान्हं नव्हतं.

"मी आत असले की ही स्वयंपाकघरात बसून ऐकते,"
मॉरीन म्हणाली. "आवाज बदलला की दार ठोठावते.
एकदा ठोठावलं होतं."
पुढचं तिनं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

कायदा क्लार्कनं समजावला, ठेवणीतल्या आवाजात:
एकटी बाई, तिचं घर, तिचे पैसे, गुन्हा नाही.
त्याच घरात दुसरी आली, की कुंटणखाना.
बारीक अक्षर वाचण्यात माझी हयात गेली,
तरी तो परिच्छेद मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
म्हणजे धंदा चालेल.
सोबत चालणार नाही.

मागच्या खोलीत बिस्किटांची बशी फिरली.
क्लिफर्ड म्हणाला, कायदा आपण केलेला नाही,
आपण फक्त मोजायचं. एक, दोन.
मिसेस ऑल्थॉर्प खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,
"राजीखुशीनं म्हणे! फ्रिज रिकामा असताना
कसली राजी नि कसली खुशी?
माझ्या वर्गातली एक मुलगी..." आणि थांबल्या.
त्यांचं खोटं नव्हतं.
मी म्हटलं, फ्रिज रिकामा म्हणून दंड करायचा?
तो भरायला ती काय विकेल?
कुणी बोललं नाही. मलाही पुढे सुचलं नाही.

मी काही मोठ्या मनाची नव्हे.
दुकानावरची खोली भाड्यानं मागायला
अशीच एक आली होती, नम्र, ओल्या छत्रीची.
"गेली हो खोली," मी म्हटलं.
खोली पुढे आठ महिने रिकामी होती.
शिसारी येते मला, आजही येते.
पण माझी शिसारी माझ्यापाशी,
तिला कलमाचा आकडा कशाला?
पाप म्हणायचं तर म्हणा, ज्याचा त्याचा देव बघून घेईल.
गुन्हा म्हणायचा तर कुणीतरी पुढे यावं,
म्हणावं, माझं हे गेलं.
त्या दिवशी कुणी आलं नव्हतं,
खालच्या मजल्यावरचा म्हातारासुद्धा नाही.

दोघांचं मत एक, माझं वेगळं;
बाहेर निकाल एकच वाचतात.
कमीत कमी दंड, हप्त्यांनी. यंत्र जप्त.
"तेवढं परत मिळेल का?" इलिंकानं विचारलं.
पुन्हा विचारलं.
क्लार्कनं मान हलवली, हो की नाही,
माझ्या जागेवरून दिसलं नाही.

रात्री सव्वाअकराला शाल्मलीची ड्यूटी संपते.
हॉस्पिटलच्या पार्किंगमधले दोन दिवे कधीचे गेलेत.
ती फोन लावते आणि न बोलता खिशात ठेवते.
मी स्वयंपाकघरात उभी, फोन कानाला.
बुटांचा आवाज. किल्ल्यांचा.
कुणाचा तरी खोकला, जवळ, मग लांब.
मग गाडीचं दार.
"झालं गं आई, झोप आता."

मी आणखी थोडा वेळ ऐकत राहते.
मग कप विसळून उपडा ठेवते.